चुडामण भोयाचा दगड

सारंगखेड्याच्या उतारावर चुडामण भोयाला स्वस्थ बसलेलं कोणी पाहिलं नाही. नाव पैलतीरी गेलेली असली की हा अलीकडच्या वाळूत येरझारा घालायचा, बांधलेला दोर सोडून परत बांधायचा, नाहीतर सुकत घातलेल्या जाळ्यातला नसलेला गुंता सोडवायचा. जेवायला बसला तरी एक पाय उठायच्या तयारीत. त्याची बायको भागाबाई म्हणायची, "यासना पायले भिंगरी शे." भिंगरी नुसती पायाला असती तर एक वेळ परवडलं असतं. या गड्याच्या डोक्यालाही होती.

एका बाबतीत मात्र तो निर्धास्त होता, आणि ती बाब म्हणजे त्याचं नाव.

तापी वरून दिसते तेवढी भोळी नाही. तिच्या पोटात खडक आहेत, आणि भोयांची जुनी रीत अशी की ज्याच्या हातून नाव एखाद्या दगडावर पहिल्यांदा आदळेल, त्याचं नाव त्या दगडाला मिळायचं. मग तो माणूस मेला तरी दगड त्याच्या नावानं जिवंत. निंबाच्या दगडाचा निंबा जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण त्याच्या पणतूच्या लग्नातसुद्धा वऱ्हाड आल्यावर लोक ओरडले होते, "निंबानं घर उनं रे, मडकी-गाडगी सांभाळा!" चेष्टा होती, पण तिच्यात शहाणपणही होतं. नाव पडलेला दगड सगळ्यांच्या तोंडी राहायचा आणि कोणाची नाव पुन्हा त्यावर जायची नाही. चुडामणनं चाळीस वर्षं नाव हाकली आणि अख्ख्या तापीत त्याच्या नावाचा एक खडासुद्धा नव्हता. हे तो स्वतः सांगायचा. कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

छत्तीस साली उताराचा मक्ता जीवराम शेठकडे होता. पैलतीरावरची दत्ताची जत्रा तोंडावर आली आणि शेठनं सुरतेहून एक जुनी मोटारबोट आणली. सोबत इंजिन चालवणारा नासीर नावाचा तरणा पोरगा. भोईवाड्यात धाबं दणाणलं. आता लाकडी नावा वाळूत पालथ्या पडणार आणि आपण काय मासे मोजत बसणार? चुडामण तडक शेठकडे गेला. इंजिन कोणीही चालवो, म्हणाला, पण सुकाणू भोयाच्याच हातात पाहिजे. सुरतेच्या माणसाला इथली नदी काय ठाऊक? शेठला ते पटलं. मात्र त्यानं बजावलं, "जत्रा नीट पार पडली पाहिजे. बोट फोडलीस, तर सुकाणूवालापण मी सुरतेहूनच आणीन." म्हणजे एका सुकाणूवर आता सगळा भोईवाडा बसला होता.

जत्रेच्या आठवडाभर आधी बोट पाण्यात घालून पाहायचं ठरलं. बोटीत दोघंच, पुढं नासीर आणि मागं चुडामण. काठावरून माणसं बघत होती, आणि चुडामणची छाती दोन बोटं फुगली होती. निंबाचा दगड त्यानं डावीकडं टाकला, पुढचा आत्मारामचा दगड उजवीकडं, आणि मग भरपूर पाण्यात, जिथून तो आयुष्यभर डोळे मिटून गेला होता तिथं, बोटीखाली खाडकन आवाज झाला. बोट हिवताप भरल्यागत थरथरायला लागली. इंजिन किंचाळलं. नासीरनं घाईघाईनं ते बंद केलं आणि मागं वळून विचारलं, "क्या लगा?"

"ओंडका," चुडामण म्हणाला.

तो ओंडका नव्हता. लाकडाचा आवाज त्याला कळत होता. हा दगड होता, आणि तो आज उगवला नव्हता. लाकडी नावेचा तळ पाण्यात जेमतेम वीतभर; या बोटीचा पंखा तिच्या बुडाखाली पार मांडीएवढ्या पाण्यात फिरत होता. इतकी वर्षं तो या दगडाच्या डोक्यावरून जात-येत होता, आणि दगड गुपचूप खाली बसून राहिला होता. आपल्याला नदी ठाऊक आहे असं तो म्हणत आला. त्याला ठाऊक होती ती वीतभर नदी.

बोट बांबूंनी रेटत काठाला आणली आणि दहाजणांनी ओढून वाळूवर घेतली. पितळी पंख्याची तीन पाती. एक शाबूत, एक कानासारखं दुमडलेलं, आणि तिसरं वाकून वर त्याच्या कडेचा तुकडा उडालेला. शेठ धोतराचा सोगा सावरत आला. "काय लागलं?"

"ओंडका व्हता शेठ. वाही गया."

नासीरनं त्याच्याकडं पाहिलं, पण त्याला नदीतलं काहीच ठाऊक नव्हतं.

पंखा गोणपाटात गुंडाळून चुडामण बैलगाडीनं दोंडाईच्याला गेला. तिथं युसूफमियाँ हंडे-घागरी ठोकायचा. पंखा त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण पितळ पाहिलं होतं. त्यानं परातीत चिकणमाती मळली, शाबूत पातं तिच्यात दाबून ठसा घेतला आणि वाळायला ठेवला. मग वाकडी पाती भट्टीत तापवायची, लाकडी मोगरीनं हलक्या हातानं ठोकायची, ठशात बसतात का बघायचं, परत तापवायची. जोर केला तर पितळ तडकेल म्हणून तो एका ठोक्यानंतर दुसरा विचार करून घालत होता. चुडामणचा जीव टांगणीला. तो दुकानाबाहेर जायचा, आत यायचा, भाता मारायला हात लावायचा, काढायचा.

"अरे भाऊ, बैठो तो! तुम्हारे चलने से पितल नहीं नरम होता," युसूफ वैतागून म्हणाला. उडालेली कड त्यानं पितळ वितळवून, झाळून भरली आणि पंखा सळईवर अडकवून दोन विटांमध्ये टांगला. जड पातं खाली जाई, ते कानशीनं घासायचं. कुठंही थांबवला तरी पंखा तिथंच थांबायला लागला तेव्हा त्यानं कानस खाली ठेवली. फुटक्या कडेतून काढलेला काळ्या दगडाचा कण त्यानं चुडामणच्या तळहातावर ठेवला. "लकडी से ऐसा दात नहीं पडता."

चुडामणनं मूठ मिटली.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं भागाबाईला सगळं सांगून टाकलं. आत्मारामच्या दगडापासून पुढं, समोर पैलतीरावरचं वाकडं कडुनिंबाचं झाड येतं तिथं दगड आहे, आणि बोट मीच त्याच्यावर घातली.

"मंग सांगी टाका बठ्ठासले," ती म्हणाली.

"येडी शे का? चाळीस वरीस मनं नाव ऱ्हायनं, आते म्हातारपनमा दगडले देऊ? आनि शेठ? सुकानू जाई ना!"

"आनि दुसरं कोनी गयं त्यावर?"

"दुसरं कोनी कसाले? सुकानू मनाच हातमा शे."

हे बोलणं त्याला स्वतःलाच खरं वाटेना, आणि म्हणून तो ते अंगणात फिरत फिरत पुन्हा पुन्हा बोलला.

जत्रेच्या दिवशी अलीकडच्या तीरावर माणूस मावेना. पंखा गुळगुळीत फिरत होता, शेठ खूश होता, आणि चुडामण प्रत्येक खेपेला त्या जागेला उगाचच मोठा वळसा घालून बोट नेत होता. नासीरनं एकदा विचारलं, सरळ का नाही जात? "धार शे," एवढंच तो म्हणाला. दुपार झाली आणि घोड्यांचे व्यापारी आले. त्यांची जनावरं इंजिनाच्या आवाजानं बिथरत होती. त्यांना मोठी लाकडी नाव हवी होती आणि तिच्यावर चुडामणच हवा होता. दरसाल तोच घोडे उतरवायचा. शेठनं चुडामणच्या चुलतभावाला, सुपडूला, हाक मारली आणि सुकाणू त्याच्या हातात दिलं.

चुडामण सुपडूजवळ गेला. "वरला अंगनी नेजो."

"काबरं?"

सांगायला एक शब्द पुरला असता. काठावर सगळा भोईवाडा उभा होता. शेजारी शेठ ऐकत होता. "असंच," चुडामण म्हणाला.

बोट भरली. बाया, लेकरं, नारळ-फुलांच्या टोपल्या. दर्शनाला निघालेली भागाबाईही त्यातच चढली. एका पांढऱ्या घोडीचा लगाम धरून चुडामण पाहत राहिला. सुपडूनं निंबाचा दगड डावीकडं टाकला, आत्मारामचा उजवीकडं, आणि मग वर न जाता बोट नाकासमोर वाकड्या कडुनिंबावर धरली. चुडामणनं त्याला जसं शिकवलं होतं, अगदी तसंच.

लगाम सुटला. घोडी कुठं गेली ते त्यानं पाहिलं नाही. तो पाण्यात शिरला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि दोन्ही हात वर करून ओरडत सुटला, "दगड शे! मना दगड शे रे!" काठावर सगळ्यांनी ऐकलं. बोटीवर इंजिनाच्या आवाजात एक अक्षर पोचलं नाही. तो ओरडत राहिला, घसा फाटला, आणि भरलेली बोट सरळ पुढं जात राहिली.

मग एकाएकी इंजिन बंद पडलं. बोटीचं तोंड वळलं. दोघा गड्यांनी बांबू टाकले, आणि बोट मुंगीच्या पावलानं एका बाजूनं सरकत पुढं निघून गेली. चुडामण पाण्यातच उभा राहिला. दातावर दात वाजत होते. काय झालं ते त्याला कळेना, पण लेकरं वाचली एवढं कळलं आणि तो रडला.

वर येऊन तो शेठपुढं उभा राहिला. शेठनं ऐकलंच होतं. तरी चुडामणनं ते पुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, ओंडक्याची थाप मारल्याचंसुद्धा. शेठचा संताप झाला. दुसऱ्या दिवसापासून तुझा हात बोटीला लागता कामा नये, म्हणाला. सुकाणू सुपडूकडंच राहिलं. भोईवाड्याचं गेलं नाही, चुडामणचं गेलं.

सुपडू परतीच्या खेपेला आला तेव्हा चुडामणनं त्याला गाठलं. "इंजिन का बंद कयं?"

सुपडूनं इकडं तिकडं पाहिलं. "वैनी एकदम उभी ऱ्हायनी. मना हात धरी लिधा. मी म्हनं, काय शे वो? तर जोरमा आराळी मारी, 'थांबाडा! चुडामणना दगड शे आठे!'"

"काय बोलनी?"

"तुनं नाव लिधं, भाऊ. भरी बोटमा. बाया तोंडले पदर लाई ऱ्हायन्यात."

संध्याकाळी भागाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. प्रसादाचा नारळ कोनाड्यात ठेवला होता. चुडामण दारातून आत आला, परत बाहेर गेला, परत आत आला. तिनं मान वर केली नाही.

"सुपडू सांगे, तू नाव लिधं."

"मंग काय करू? लेकरंबाया व्हत्यात बोटमा." लग्नाला इतकी वर्षं झाली, उखाण्यातसुद्धा तिनं ते नाव आडवळणानंच घेतलं होतं.

"बठ्ठी बोटनी ऐकं?"

"हा."

"मी नही ऐकं." तो चुलीजवळ उकिडवा झाला. "एकडाव म्हन."

"इश्श! आते कसाले? घरमा काय दगड शे का?"

"शे ना," चुडामण म्हणाला. "हाऊ काय तुना म्होरे."

भागाबाईला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तिनं ते पदरानं पुसले, तव्यावरची भाकरी उलटली, आणि नाव मात्र घेतलं नाही.