लिंपलेले खुंट

मी एकदा एका उघड्या खुंटावर पाय ठेवून उभा राहिलो. झालं ते एवढंच. पण हे मी बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही, कचेरीत तर नाहीच नाही. वाडीतल्या एका माणसाने तो पाय पाहिला आणि त्याचा अर्थ उलटा लावला. तो उलटा अर्थ मी इतकी वर्षं मुकाट्याने अंगावर मिरवत आलो आहे.

तेव्हा मी महाडच्या कचेरीत नकाशांचा कारकून होतो. पोलादपूरकडच्या सरकारी डोंगरांची फेरतपासणी चालली होती. कोणता उतार गुरचरणाला ठेवायचा, कोणता गावाला टहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायला, कोणता राखीव जंगलात घालायचा, हे नव्याने ठरायचं होतं. नियम सरळ होता. जिथे गावाची वहिवाट दिसेल तो तुकडा गावाकडे, जिथे दिसणार नाही तो राखीव. वहिवाट पाहायची म्हणजे वर चढायचं, तोडलेल्या फांद्यांचे खुंट बघायचे, गुरांच्या वाटा बघायच्या आणि मग नकाशात रंग भरायचा. गावाला पिवळा, राखीवला हिरवा.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिच्या माथ्यावरच्या डोंगरावर मी चढलो नाही. बिरवाडीला मेहुणीचं लग्न होतं, त्याच दिवशी संध्याकाळी वरात. खालूनच मान वर करून पाहिलं. झाडी दाट दिसली. हिरवा भरला, चढून पाहिल्याचं लिहिलं आणि वरातीला वेळेवर पोचलो.

माघात फेरतपासणीच्या साहेबांनी ठरवलं की काही डोंगर स्वतः चढून ताडून बघायचे. त्यात नेमका हा निघाला. साहेब आपल्याकडचेच, मराठी बोलणारे, पण कमी बोलणारे. त्यांच्या मुक्कामाची सोय बघायला मी आदल्या दिवशी वाडीवर गेलो, तर वाटेतच शेणाचा वास. बायका डोक्यावर शेणाच्या पाट्या घेऊन डोंगर चढत होत्या. वर पुरुष ऐनाच्या आणि किंजळीच्या झाडांवर चढून ताज्या तोडलेल्या खुंटांवर शेण थापत होते, त्यावर माती चोळत होते. राबासाठी तोडलेल्या टहाळाचे भारे घराघरांत पेंढ्याखाली दडपलेले.

राब कशाला म्हणतात ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. पौष-माघात ह्या झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायच्या. त्या भाजलेल्या मातीतच तिकडचं भात-नाचणीचं रोप जोर धरतं. वाडीचं वर्षाचं पोट त्या खुंटांवर होतं, आणि वाडी खुंटच झाकत होती.

“हे काय चाललंय?” मी वाडीच्या गावकराला विचारलं. गावकर म्हणजे वाडीचा पुढारी, साठीचा, काटक माणूस.

“साहेब येतोय ना, भाऊसाहेब. जंगलाचा शिपाई एक फांदी तोडली की कोंबडा नेतो. ह्यो तर त्याचाबी बाप. ह्यो बैलच सोडून नेल.”

त्याची बायको पाटी उतरवत म्हणाली, “माज्या सुनेनं घर कदी एवडं सारवलं नाय, तेवडा डोंगर सारवलाय.”

“गप गो. भाऊसाहेबांना पानी दे.”

“देते. हात धुवू का तसंच देऊ? शेनाचा वास लागंल, महाडचं मानूस हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. पण हसता हसता मला सगळं कळलं होतं. खुंट उघडे ठेवा, उद्या तेच तुमच्या बाजूने बोलतील. एवढं म्हटलं असतं तर बायकांनी त्याच पाट्या घेऊन जाऊन सगळं खरवडून काढलं असतं. दिवस बराच शिल्लक होता. पण साहेबांना खुंट दिसले की पहिला प्रश्न मला. चढून पाहिलंत, मग हे कसं दिसलं नाही?

गावकराने विचारलंही. “तुमी कचेरीतले. आमी करतोय ते बरं ना?”

मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपेपर्यंत खाली घेतला नाही.

“तुम्हांला योग्य वाटेल तसं करा,” मी म्हणालो.

“म्हंजे बरंच,” तो आपल्या माणसांना म्हणाला. “नायतर बोलले असते.”

दुसऱ्या दिवशी साहेब चढले. काठीने पाचोळा बाजूला करत, झाडं बघत चालले होते. गावकर पुढे, मी मागे नकाशा घेऊन. अर्ध्या वाटेवर साहेब थांबले.

“इथून टहाळ नेता की नाही?”

“नाय साहेब.”

“गुरं?”

“नाय जी. आमी ह्या डोंगराव पायबी ठेवत नाय.”

“मग राब कशाचा करता?”

गावकर गडबडला. “करतो... इकडचा तिकडचा पालापाचोळा.”

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुम्ही चढून पाहिलं होतंत?”

“होय साहेब.”

तेवढ्यात माझ्या बाजूच्या एका ठेंगण्या खुंटावरचं शेण वाळून सुटलं आणि पाचोळ्यात पडलं. आतलं लाकूड ताजं, लालसर. साहेब वळत होते. मी पाय उचलला आणि त्या खुंटावर ठेवला. गुडघ्यावर नकाशा पसरून त्यात बघितल्यासारखं केलं. साहेब जवळ आले, नकाशातल्या हिरव्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, “ठीक. राहू द्या असंच.”

गावकराने माझा पाय पाहिला होता. साहेब उतरून गेल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या नखांत अजून शेण होतं. “वाचिवलंत,” म्हणाला.

पावसाळ्याआधी हद्दीचे दगड बसले आणि डोंगर बंद झाला. गावकर कचेरीत आला, तेव्हा त्याला त्याचंच बोलणं सांगण्यात आलं: तुम्ही तिथे पाय ठेवत नव्हतात ना, मग आताही ठेवू नका. मी बाजूच्या टेबलाशी होतो. वर पाहिलं नाही. पुढच्या साली वाडीने गवत आणि गोवऱ्या जाळून वाफे भाजले. रोप पिवळं पडलं. नंतर एकेका घरातला कर्ता मुलगा मुंबईला गिरणीत गेला. गावकराचे दोघेही गेले.

तरीही दर वर्षी भाद्रपद सरता सरता वाडीवरून माझ्या घरी तवसं, ती मोठी पावसाळी काकडी, येतं. बायको गूळ-रवा घालून त्याचं गोड धोंडस भाजते. मी खातो. एकदा महाडच्या बाजारात गावकर भेटला, बरोबरच्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणाला, “कचेरीत आमचा एकच मानूस, ह्यो.”

आता पुन्हा फेरतपासणी निघाली आहे. साहेब नवे आहेत. ते जुने खुंट कधीच फुटून त्यांच्या फांद्या झाल्या. तिथे वहिवाट होती हे सांगणारा कचेरीतला माणूस मी एकटाच उरलो आहे. नव्या साहेबांपुढे उभं राहून ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे. त्याआधी वाडीवर चढून जाणं बाकी आहे, आणि तो पाय मी माझ्यासाठी ठेवला होता हे गावकराला त्याच्या तोंडावर सांगणं. ह्यातलं काहीच मी अजून केलेलं नाही.