मैनेच्या गळ्यातला पट्टा

मैना मेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात पाय ताणून पडलेली दिसली, पोट टम्म फुगलेलं, आणि लहानू नेवारेच्या हातातलं घमेलं तिथंच गळून पडलं. आठ महिन्यांची गाभण गाय. काल संध्याकाळी जरा मलूल वाटली होती, एवढंच. तो तिच्या कानाला पुन्हा पुन्हा हात लावत राहिला. कान थंडगार होता.

लहानू म्हणजे नागपूरबाहेरच्या त्या सरकारी फार्मवरचा जुना गवारी, पिढीजात गुराखी. चोवीस वर्षं सक्करदऱ्याहून सायकल हाणत यायचा. चाळीस गाईंपैकी कुठलीही पाठमोरी उभी करा, पठ्ठ्या नाव सांगणार. साहेब बदलले, रजिस्टरं बदलली, पण गाय ओळखायची वेळ आली की लहानूलाच हाक. याचा त्याला माज होता, आणि का नसावा? मैनेची आई व्याताना गेली तेव्हा तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं ते यानंच.

मग १९८४ च्या श्रावणात परदेशातून आपोआप खुराक देणाऱ्या पेट्या आल्या. फार्मचे पशुवैद्य डॉक्टर मार्तंड घारपुरे यांनी मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं. प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात साबणाच्या वडीएवढी डबी. गाय जवळ आली की पेटी रेडिओच्या लहरी सोडते, डबी आपला नंबर कळवते, आणि त्या नंबराला नेमून दिलेला असेल तेवढाच खुराक खाली पडतो. भरपूर दूध देणाऱ्या तारीला दिवसाला नऊ किलो, दूध आटलेल्या मैनेला एक. लहानूनं मान डोलावली. लहरीबिहरी सगळं डोक्यावरून गेलं होतं. त्याला दिसलं ते एवढंच, की तारी आली की पेटी भरभरून देते आणि मैनेला हात आखडून. म्हणजे पेटीला गाई ओळखू येतात! खरं सांगायचं तर त्याला जरा जळफळाटच झाला.

दिवाळीत डॉक्टर चार दिवस गावी गेले. पाडव्याला गायगोधन, गाईंच्या पूजेचा सण. त्या दिवशी गवारी माणूस गाईच्या गळ्यात जुनं काही ठेवत नाही. लहानूनं सगळे पट्टे काढले, गाई धुतल्या, शिंगं गेरूनं रंगवली, मोरपिसं बांधली. पट्टे राखेनं असे घासले, की वर रंगवलेले नंबरही निघून गेले. संध्याकाळी हाताला येईल तो पट्टा त्यानं समोर येईल त्या गाईला चढवला. घुंगरमाळ कोणाचीही कोणालाही चालते, तसंच.

मैना मेली त्याच सकाळी डॉक्टर परतले ते थेट तिच्यापाशीच आले. पोट चिरलं तर आत आंबलेल्या भरड्याचा लगदाच लगदा. त्यांनी तिच्या गळ्यातला पट्टा सोडला, डबी उघडून आतला नंबर वाचला आणि पट्टा पेटीपुढे धरला. खळ्ळकन खुराक पडला. लहानूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"साहेब, इथं तर गायच नाही," तो म्हणाला. "मंग कोणाले देऊन राहिली हे?"

"पट्ट्याला," डॉक्टर म्हणाले. "हा तारीचा पट्टा आहे, लहानूभाऊ. पेटीला गाय दिसतच नाही."

लहानू मैनेपाशी खाली बसला. डॉक्टर भला माणूस. चूक माझीच, मी नीट सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले. रिपोर्टात मशीनचा बिघाड लिहून टाकतो, तुला काही होणार नाही, असंही म्हणाले आणि पेन काढलं.

लहानूनं गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण काल दिवसभर मैना पेटीशी घिरट्या घालत होती, दर वेळी पेटी देत होती, आणि तिकडे तारी उपाशी हंबरत होती. एकदा तर मैनेला ओढून बाजूला करायला त्याचा हात पुढे झाला होता. पेटी देते म्हणजे डॉक्टरांनीच खुराक वाढवून दिला असेल, असं म्हणून त्यानं हात मागे घेतला होता.

"मशीन नका लिहू, साहेब. मैना खाऊन राहिली होती अन् मी उभा राहून पाहत होतो. पेटीले डोळे नाही. मले होते."

डॉक्टरांनी पेन परत खिशात ठेवलं. बाकीच्या गाई खुराकासाठी पेटीपुढे जमू लागल्या होत्या. लहानू उठला आणि एकेकीचं नाव घेत तिच्या गळ्यातला पट्टा सोडवू लागला.