भिंतीवरचे दोन ठोके

हनीफ गेल्याचं मला भिंतीतून कळलं. दुपारचं जेवण करून मी ताट घासत होते. पलीकडून शमीमची एक हाक आली, भांडं पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही... मी धावत गेले तेव्हा तो खाटेवर आडवा होता. डॉक्टरला आणायला कोणी गेलं होतं, पण उपयोग नव्हता. पंचावन्न वर्षांचा माणूस, छातीत कळ आली आणि गेला. त्याला आता दीड महिना झाला. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, तो होताच तसा. मला मात्र त्याच्याबद्दल सांगायचं तर स्वतःबद्दल वाईट सांगावं लागतं, म्हणून इतके दिवस गप्प राहिले.

दिग्रसला आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकलेली. माझे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, ते गेल्यावर मी एकटी. मुलगी पुसदला दिलेली. पलीकडे हनीफ आणि त्याची बायको शमीम. तो दिवसा पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. घरी सराव करायचा तेव्हा माझ्या फळीवरचे डबे थरथरायचे. मी सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहायचे. "काहून रे हनीफ, मेलेल्याले उठवतं का?" तो लगेच थांबायचा. काड्या बगलेत धरून म्हणायचा, "मावशी, कोनी उठला तं चहाले तुमच्याच घरी पाठवतो." शमीम हसायची. मी हसत नसे.

मग ऑर्केस्ट्रावाल्यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचं ठरवलं. ज्याचा त्यावर हात बसेल तोच राहील, असं हनीफला सांगितलं. तो उलट खूशच झाला. "आता कानाले हेडफोन लावीन मावशी, गानं माह्या डोस्क्यातच वाजन. तुमाले तरास नाही." यवतमाळच्या एका दुकानातून, परत करायच्या बोलीवर, त्याने घरी सरावाला, ड्रमऐवजी वाजवायचे पॅड आणले. पहिला रबराचा होता. त्याच्या पोटात रुपयाएवढी पितळी चकती चिकटवलेली, तिला ट्रिगर म्हणतात. काडी पडली की चकतीला कळतं, ती तारेने जोडलेल्या आवाजाच्या डब्याला कळवते आणि तो डबा हेडफोनात ड्रम वाजवतो. पण काडीचा ठप्प राहतोच, तो भिंतीत उतरतो. म्हणून कोणता पॅड घ्यायचा हे तो माझ्या कानावरून ठरवणार होता. "तुमी तुमच्या घरात बसा. आयकू आलं तं भिंतीवर दोनदा ठोकजा. नाही आलं तं एकदा. तुमी एकदा ठोकलं का तोच पॅड पक्का."

मी लाटणं घेऊन बसले. रबराचा ठप्प ठप्प खरंच ऐकू आला, दोनदा ठोकलं. आठवड्याने त्याने जाळीचा पॅड आणला, चाळणीसारखी बारीक जाळी घट्ट ताणलेली. तिचा आवाज फार कमी होता, पण पायाने वाजवायचा मोठा ड्रम जमिनीतून यायचा. पुन्हा दोनदा. मग त्याने पायाखाली फळी घातली, फळीखाली अर्धे कापलेले टेनिसचे बॉल बसवले, आणि जास्त नाजूक ट्रिगर आणले. म्हणाला, "आता फुलासारखं मारलं तरी वाजते." त्या दिवशी मी वाट बघत बसले. काही येईना. भिंतीला कान लावला. माझ्याच घड्याळाची टिकटिक तेवढी.

मी दोनदा ठोकलं.

का, ते सांगते. माझं ऐकून कोणी काही बदललंय, असं माझ्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही. इथे एक जाणता माणूस माझ्या लाटण्यासाठी थांबायचा. ठोकलं की दारात हजर, "सांगा मावशी, बारीक आला का जाड?" मी म्हणायचे, "जाड." तो मान हलवून कागदावर लिहून घ्यायचा. एकदा ठोकलं असतं तर ते सगळं संपलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. न कळून झालं, असं मी म्हणणार नाही.

दोन महिने असेच गेले. त्याने खाली गादी अंथरली. ट्रिगर इतके नाजूक करून ठेवले की शमीमने जवळ पोळपाट ठेवला तरी डबा वाजायचा. मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू मारता मारता त्याचा हातच भित्रा झाला. ऑर्केस्ट्रावाल्यांनी वाजवून बघायला बोलावलं तेव्हा म्हणे त्याचा एकही ठोका धड पडला नाही. दुसरा माणूस घेतला. हनीफने पॅड परत केले. मला म्हणाला, "जाऊ द्या मावशी. आपला हात जुना झाला." त्या ईदलाही शीरखुर्मा घेऊन आला. मी खाल्ला, वाटी धुऊन परत दिली.

त्याचं चाळिसावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शमीमजवळ जाऊन बसले. ती मेथी निवडत होती. मी म्हणाले, "शमीम, मले नंतर नंतर काही आयकू येत नव्हतं. मी खोटंच ठोकत होती."

मान वर न करता ती म्हणाली, "मालूम था उनको."

"कसं?"

"एक दिवस त्यायनं वाजवलंच नाही. काड्या मांडीवर ठेवून नुसते बसले. तरी तुमचे दोन ठोके आले."

"मंग मले बोलला काहून नाही?"

"मी निघाली होती भांडाले. त्यायनं हात धरला. म्हने, नको, बुढीले शरम वाटन. उद्या दारात उभी राहनार नाही." तिने मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या. "मंग त्याच्यानंतरही वाजवत राह्यले. हळू हळू."

मी उठून घरी आले. वाटलं होतं ती मला चार शब्द बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं...

भिंतीवर लाटण्याच्या खुणा अजून आहेत. चुना उडालाय, जोडीजोडीने. त्याच लाटण्याने मी रोज पोळ्या लाटते, दुसरं घेतलं नाही. परवा पोळ्या झाल्यावर त्या खुणांपाशी गेले आणि एकदा ठोकलं. एकदाच.

पलीकडून शमीमचा आवाज आला. "काय झालं मावशी?"

"काही नाही," मी म्हणाले. "आयकू येत नाही, ते सांगून राह्यली."

ती म्हणाली, "आता कोनाले सांगता?"