मधपेट्यांचा ट्रक आणि त्याचा पुढचा डिफरन्शियल

शब्बीरभाईंच्या गॅरेजात आलेली गाडी दोन-चार दिवसांत निघून जाते, तिचा किस्सा मात्र तिथंच राहतो. कोणी बाकड्यावर येऊन बसलं, चहा आला, की तो आपोआप सुरू होतो आणि सांगता सांगता त्याला आणखी एक फांदी फुटते. माझं लेथचं दुकान गॅरेजला लागूनच, पडेगावच्या रस्त्याला. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे अर्धे किस्से मी पाहिलेत आणि अर्धे पत्र्यातून ऐकलेत! पण इंदूताईंच्या ट्रकचे सगळेच्या सगळे डोळ्यांनी पाहिलेत.

इंदूताई कन्नडच्या बाजूच्या. मधमाश्या पाळतात. ज्या शेतात फुलोरा, त्या शेतात पेट्या न्यायच्या, हा त्यांचा धंदा. त्यासाठी मिलिटरीच्या लिलावातला एक जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रक. त्याला मोठे टायर घातले, तर तो चढावर धापा टाकायला लागला. म्हणून शब्बीरभाईंनी पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गोळ्यांचे, गियर बदलले. मागचा डिफरन्शियल पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखा वागला.

पुढच्यानं मात्र आम्हा सगळ्यांना महिनाभर नादी लावलं.

* * *

पहिली ट्रायल मुरमाच्या रस्त्यावर. शब्बीरभाई चालवत होते, इंदूताई मधे, मी दाराशी. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, काचेतून झोप आणणारं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पुढून बारीक आवाज यायचा... ऊँऽऽ. पाय ठेवला की बंद.

भाईंनी पाच-सहा वेळा पाय उचलला, ठेवला. डोळे मिटून ऐकलं. (गाडी चालू होती, हे मी आधीच सांगायला हवं होतं!)

"भाई, समोर बघा की!" मी ओरडलो.

"बघून काय ऐकू येतं का?" भाई म्हणाले.

इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "माझी नात अशीच हाय. झोळीला झोका दिला की गप, हात काढला की रडती."

"फिर उसको क्या करते, ताई?"

"काय करणार? घेऊन बसतो मांडीवर."

भाईंनी दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल उतरवला आणि खरंच मांडीवर घेऊन बसले.

* * *

डिफरन्शियलमध्ये दोन दातेरी चाकं असतात. मोठं ते क्राउन, लहान तो पिनियन. त्यांचे दात एकमेकांत नेमके कुठं टेकतात हे बघायला क्राउनच्या दातांना पिवळा रंग लावायचा, फिरवायचं, आणि उमटलेला ठसा वाचायचा. भाई तो ठसा हात बघणाऱ्या जोतिषासारखा वाचतात.

पण त्या दिवशी रंगाची डबी कोरडी ठाक. बाजार बंद.

इंदूताईंनी पिशवीतून पुडी काढली. "हळद चालंल का? ग्रीसमधी कालवा."

भाई आधी हसले. मग कालवली. बोटानं एकेका दाताला लावायला लागले. चाळीस वर्षं ऑइलनं काळी झालेली बोटं पिवळी झाली. गॅरेजात हळदीचा वास पसरला. मला तर लांब कुठंतरी सनई चालू आहे असंच वाटायला लागलं.

इंदूताई म्हणाल्या, "क्राउनला हळद लागली. आता पिनियनला बोलवा, लगीन लावून टाकू!"

भाईंनी जोडी फिरवली, ठसा बघितला आणि मान हलवली.

"लगीन होऊन गेलंय, ताई. पटत नाय दोघांचं. छोटा लई आत घुसून बसलाय."

* * *

पिनियन आत घुसलाय, म्हणजे त्याच्यामागची चकती जाड झालीय. ती पातळ करायचं काम माझं.

"किती काढू?"

"बाल बराबर."

"कोणाच्या केसाएवढं, भाई?"

माझा प्रश्न कामाचा होता. केसाकेसात फरक असतो. पण भाईंनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी लेथ सुरू करून खाली मान घातली.

इंदूताईंनी स्वतःचा एक केस काढून दिला. पांढरा. मी मायक्रोमीटरमध्ये मोजला. मग भाई म्हणाले, ताईंचा काळाही मोजून बघ. तोही मोजला. मग माझा. दुपार तशीच गेली, तिघं केस मोजत बसलो. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाजही ऐकू आला नाही.

चकती इंदूताईंच्या पांढऱ्या केसाच्या मापानं घासली. जोडी परत बसवली, परत हळद लावली. ठसा दाताच्या बरोबर मधोमध!

भाई म्हणाले, "काळ्या बालात एवढी अक्कल नसती."

* * *

आवाज गेला. आता वळताना ओढाताण सुरू. फोर व्हील टाकली की ट्रक उड्या मारायचा, टायर ओरडायचे, स्टिअरिंग हातातून निसटायचं.

पुढच्या-मागच्या गियरचा हिशोब जुळत नसेल तर असं होतं. म्हणून ट्रक जॅकवर चढवला, चाकांवर खडूच्या खुणा केल्या आणि फेरे मोजायला बसलो. भाई शाफ्ट फिरवणार, मी आकडे म्हणणार. उन्हात पाठ शेकत होती. एक... दोन... तीन... सातव्या फेऱ्याला माझा डोळा लागला. जागा झालो तर भाईंचाही लागलेला! आणि शाफ्टवर हात तसाच.

चौथ्या खेपेला मोजणी पुरी झाली. हिशोब अगदी बरोबर होता.

"मग चूक कुठं?" मी म्हणालो.

इंदूताई उठल्या, सुतळी घेतली आणि पुढच्या टायरला गुंडाळून माप घेतलं. मग मागच्याला. मागचा चार बोटं कमी भरला. म्हणजे पुढची चाकं एका फेऱ्यात जास्त अंतर चालत होती, मागची कमी. ओढाताण व्हायचीच.

टायर बसवून आणले होते त्यांच्या दिरानं, दत्तूनं. तो तिथंच उभा होता.

"भावजी, चारी टायर नवे आणले होते ना?"

"व्हय वहिनी."

"मग हे मागचे दोन म्हातारे का झाले?"

दत्तूनं आभाळाकडे पाहिलं. दोन नवे त्यानं आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चढवले होते, आणि ट्रॉलीचे झिजलेले काळ्या पॉलिशनं चमकवून ट्रकला लावले होते!

इंदूताई ओरडल्या नाहीत. सुतळी गुंडाळत एवढंच म्हणाल्या, "भावजी, ट्रॉलीत कापूस नेता तुम्ही. मी जिवंत जीव नेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोन्ही टायर गॅरेजच्या दारात उभे होते. दत्तू नव्हता.

* * *

मग पुढच्या चाकांतून ऑइल गळायला लागलं. ऑइल अडवणारं रबरी सील बदललं. गळलं. परत बदललं. परत गळलं.

डिफरन्शियल तापला की आतली हवा फुगते. ती बाहेर जायला वर एक नळी असते. ती तुंबली की हवा ऑइललाच बाहेर ढकलते. भाईंच्या हे उशिरा लक्षात आलं. नळी काढली तर तोंडाशी चिखलाचा बूच. छान गोल, गुळगुळीत, कोणीतरी निगुतीनं लिंपलेला.

भाईंनी इंदूताईंकडे पाहिलं. "ताई, तुमच्या पोरींचं काम!"

इंदूताई एवढ्या चिडलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

"माझ्या पोरी मेणात घर बांधतात, भाई! ही कुंभारीण माशी हाय. तिचं नाव माझ्या पोरींवर घालू नका!"

भाईंनी कान पकडले. "चुकी हो गई."

पण चिखल काढायच्या आधी त्यांनी ताईंनाच विचारलं, आत अंडं-बिंडं नाही ना? ताईंनी काडीनं बूच फोडून बघितलं. रिकामं होतं. मग नळी साफ झाली आणि गळती थांबली.

* * *

आता खरी परीक्षा. पठारावर पाच शेतकऱ्यांनी बियाण्याचा कांदा लावला होता, त्याचे पांढरे गोंडे फुलले होते. त्यावर माशी फिरली नाही तर बी धरत नाही, अख्खा हंगाम जातो. इंदूताईंनी त्या पाचांना शब्द दिलेला.

पहाटे साठ पेट्या भरून निघालो. भाईही आले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत बसून तिच्या कामावर जात होते. दत्तू चालवत होता. वेरूळ, मग कन्नड मागं पडलं, धुकं उतरलं होतं, आणि पुढचा डिफरन्शियल इतका गुपचूप चालत होता की मला वाटलं आपण रस्त्यावर नाहीच.

शेवटच्या खडकाळ चढावर ट्रक थांबला. मागची चाकं दगडांवर नुसती फिरायला लागली. पुढची हलेनात.

उजाडायला लागलं होतं, थोड्याच वेळात ऊन वर येणार. पेट्यांची दारं जाळीनं बंद. बंद पेटी तापली की आतल्या माश्या घुसमटून मरतात. इंदूताई एकेका पेटीवर हात ठेवून बघत होत्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"गेला," मी म्हणालो. "परत पुढचाच गेला."

भाई उजव्या चाकापाशी बसले, उठले. डाव्या चाकापाशी बसले. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एकेक खटका असतो. तो हातानं फिरवून लॉक केला तरच चाक डिफरन्शियलला जोडलं जातं. एक जरी मोकळा राहिला तरी सगळी ताकद त्या बाजूनं वाहून जाते.

"दत्तू, लॉक कोण केलं?"

"मीच, भाई. उजवा केला की."

"और डावा?"

"...डावा बी असतो व्हय?"

भाईंनी दोन बोटांनी डावा खटका फिरवला. खट्! ट्रक असा वर चढला, जणू कोणी खांद्यावर घेतला.

* * *

पेट्या उतरल्या, जाळ्या निघाल्या. पठारभर पांढरे गोंडे, गुडघ्याएवढं धुकं, आणि त्यात माश्या हळूहळू पसरत होत्या. हवेत गारठा होता. शेतकऱ्याकडून चहा आला.

भाई कुठं आहेत? बघतो तर ट्रकखाली आडवे! डिफरन्शियल किती तापलाय हे तळहातानं बघायला गेले होते. ते आमच्या धंद्यात रोजचंच आहे. हात टेकायचा, बघायचं, बाहेर यायचं. पाच सेकंदांचं काम.

चहा निवला. भाई बाहेर येईनात.

इंदूताई वाकल्या. मीही वाकलो.

"काय भाई, लई गरम झालाय का?"

"नाय. बराबर है."

"मग या की बाहेर."

भाईंनी मान हलवली. त्यांचा हात तसाच त्या कोमट लोखंडावर. गारठलेल्या माश्या ऊब शोधत तिथं येऊन बसल्या होत्या, लोखंडावर आणि त्यांच्या हातावरही. काळ्या बोटांवर पंधरा-वीस असतील. एक अंगठ्याच्या नखावर पंख पुसत होती. भाई श्वास रोखून बघत होते.

"घाबरू नका, भाई," इंदूताई हळू आवाजात म्हणाल्या. "झटकू नका. ऊन आलं की आपोआप उडतील."

भाईंनी नजर न हलवता विचारलं, "उडाना किसको है, ताई?"