माझ्या गणितातली मावशींची चूक

दवाखान्याच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होते, तेव्हा शेजारच्या नाईकवहिनींचा फोन आला. "मावशी सकाळी उठल्याच नाहीत गो," एवढंच त्या म्हणाल्या. हातातली चादर मी दोरीवर टाकली, चिमटे लावले, दुसरी घेतली... चार चादरी झाल्यावर मला कळलं की आपण काय ऐकलंय. त्याला आता महिना होऊन गेला. जलदानविधीला गेले होते. तिथं सगळे त्यांच्याबद्दल दोन दोन शब्द बोलले, पण माझं नाव घेतलं तेव्हा मी जागची उठले नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी मूळची जालन्याकडची. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. पुढं पाठवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, खरं सांगायचं तर माझ्याही नाही. नवरा चिऱ्याच्या खाणीवर कामाला, त्याच्यामागं रत्नागिरीत आले. इथली बोली कळायची नाही, माशाचा वास सोसायचा नाही, चुकलं की लोक हसतील याची धास्ती. एका खासगी दवाखान्यात साफसफाईचं काम मिळालं. तिथल्या मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्या, "दहावी हो, वॉर्डात अटेंडंट म्हणून कायम घेतील. नाहीतर पुढच्या कंत्राटात तुझं नाव असेल का, मी नाही सांगू शकत." बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कोण भरून देईल, असं विचारत विचारत मी आमच्याच आळीतल्या सुलभा जाधवांच्या दारात गेले आणि "मॅडम" म्हणाले.

"मॅडम कोण गो? मी मोजणी खात्यातली. जन्मभर कातळाचे सडे तुडवले. मावशी म्हण."

मावशी भूकरमापक म्हणून निवृत्त झालेल्या. उन्हात साखळी घेऊन गावोगावच्या जमिनी मोजल्या. काही घरी त्यांना पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. हे सांगताना त्या हसायच्या. "पाणी लांबून. पण बांध कुणाचा ते सांगायला मीच लागायची." हसणं खरं होतं की नाही, ते मला कधी ओळखता आलं नाही. मूलबाळ नव्हतं, दात नव्हते. सुपारी स्वतः खायच्या नाहीत, पण आल्यागेल्यासाठी रोज अडकित्त्यानं कातरून डबा भरायच्या. फॉर्म तर त्यांनी भरलाच, वर म्हणाल्या, "गणित येतं का? नाय ना? मग चारला ये."

सकाळची पाळी संपवून मी चारला जायची. बाकीचे विषय मी घरीच वाचायची, गणित मात्र त्यांच्याच चटईवर. त्या जुन्या प्रश्नपत्रिका द्यायच्या, घड्याळ समोर ठेवायच्या आणि बाजूला सुपारी कातरत बसायच्या. मधे एक अक्षर बोलायच्या नाहीत. सरावात मला साठ, बासष्ट, एकदा तर सत्तर पडले. बोर्डात पडले सव्वीस. बाकी सगळ्या विषयांत पास. पुन्हा बसले, पुन्हा सराव चांगला, पुन्हा बोर्डात अठ्ठावीस. नाईकवहिनी म्हणाल्या, नजर लागली. नवरा म्हणाला, पेपर कडक तपासतात. मी म्हणाले, मी घाबरते, माझ्या नशिबातच नाही, आता बसायची नाही.

"घाबरतेस तर मराठीच्या पेपरला का नाय घाबरलीस?" मावशींनी विचारलं. "एकच शेत दोनदा मोजलं न् दोन आकडे आले, तर आम्ही शेताला दोष देत नाय. शेत तेच असतं. आधी साखळी तपासायची. वापरून वापरून ताणते ती."

त्यांनी मला बोर्डाकडे अर्ज करायला लावला आणि माझ्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती आल्यावर एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला सरावाचे सगळे कागद मांडून त्या दोन दिवस बसल्या, भिंग घेऊन, जमिनीचा नकाशा बघावा तशा. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "हे काय?" सरावाच्या कागदावर एक ओळ खोडलेली होती. समीकरणात वजाची संख्या पलीकडे नेताना मी चिन्ह तसंच ठेवलं होतं, मग अर्ध्यावर खोडून बरोबर केलं होतं. अशा खोडलेल्या ओळी पानोपानी. आणि बोर्डाच्या पेपरात? तीच चूक, तीच चिन्हं, पण खाडाखोड कुठंच नाही. पेपर कसा स्वच्छ. "इथं चुकलंय हे तुला सरावात कसं कळायचं? आणि तिथं का नाय कळलं?"

मी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्या मला पेपर देऊन, दाराला कडी लावायला सांगून भाट्याला बहिणीकडे निघून गेल्या. मी एकटीनं तीन तास सोडवला. त्यांनी आल्यावर तपासला. एकतीस. मला रडू आलं आणि त्या मात्र चटईवर मांडी घालून खुशीत बसल्या. "सापडली. चूक माझी आहे गो. मी सुपारी कातरत्ये न् डोळा तुझ्या कागदावर. तू चुकलीस की माझा हात थांबतो. आवाज बंद. तेवढ्यात तू खोडतेस. तू गणित सोडवत नव्हतीस, मला सोडवत होतीस."

शरमेनं मान वर होईना. मी मुद्दाम करत नव्हते. पण परक्या गावात आलेली माणसं अशीच जगतात. सासूची भुवई, मुकादमाचं खाकरणं, सिस्टरच्या चपलांचा आवाज, यावरून पुढचं पाऊल ठरवायचं. मला वाटायचं, हीच माझी हुशारी. मावशींनी तसं काही सुनावलं नाही. चूक स्वतःकडे घेतली आणि कामाला लागल्या.

आधी त्यांनी मला पडताळा शिकवला. मोजणी करताना म्हणे फिरत फिरत पुन्हा पहिल्या खुंटीवर यायचं असतं. जुळलं तर मोजणी खरी, मग साहेबाला विचारायची गरज नाही. तसं आलेलं उत्तर उचलायचं आणि पहिल्या समीकरणात घालून बघायचं. मी सोडवताना त्या बाहेर पायरीवर जाऊन बसायच्या, दाराकडे पाठ करून. महिनाभर असं चाललं. बत्तीस, अडतीस, चव्वेचाळीस. मग एक दिवस आपण होऊन आत आल्या आणि अडकित्ता घेऊन शेजारी बसल्या. कातरता कातरता हात थांबला. मी झटकन ओळ खोडली. त्या खो खो हसत सुटल्या. "बरोबर होतं गो ते! माझं ऐकलंस, गेले तुझे चार मार्क." पुढं रोज हाच खेळ. त्या भलत्याच जागी थांबायच्या, खोकायच्या, एकदा तर "अरेरे" म्हणाल्या. मी पडताळा करायची आणि पुढं जायची. ज्या दिवशी त्यांनी पाच वेळा हात थांबवला आणि मी वरही बघितलं नाही, त्या दिवशी त्यांनी मला चहा केला. एरवी चहा मीच करायची.

तिसऱ्या खेपेला शेवटच्या सरावात त्रेपन्न होते. बोर्डात एक्कावन्न पडले. मी धावत गेले. मला वाटलं, पास झाले म्हणून त्या जवळ घेतील. त्यांनी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि म्हणाल्या, "दोनाचा फरक. येवढा मोजणीत चालतो." त्यांचे डोळे भरले होते, पण बोलणं हेच.

मी आता वॉर्डात कायम आहे. परवा आमच्याकडे राजापूरच्या बाजूची एक बाई नवीन लागली, माझ्यापेक्षा वयानं मोठी. पेशंटला सलाइन मिनिटाला किती थेंब जातंय ते मोजून सिस्टरना सांगायचं होतं. तिनं मोजलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "ताई, बरोबर ना हो?" मीही मनात मोजलं होतं, तिचा आकडा चुकला होता. माझ्या ओठावर आलं होतं. चेहरा तर त्याआधीच बोलायला निघाला होता... मी खिडकीकडे वळले आणि बाहेर बघत म्हणाले, "परत मोजा. दोनदा सारखा आला की सांगा."

त्या एका मिनिटात माझा जीव कासावीस झाला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मावशी महिनाभर दाराकडे पाठ करून बसल्या, ते काही सोपं नव्हतं. मागं ती थेंब मोजत होती, बारीक आवाजात. मी वळले नाही.