दोन चतकोर पेरू

बारामतीत आमच्या शेजारी राहणारे तात्या फळं भाकरीत मोजतात. पेरू म्हणजे चतकोर, केळं म्हणजे अर्धी. "फळं खावीच, पर तेवढी भाकर ताटातली कमी करावी," हा त्यांचा नेम. पाहुण्यानं द्राक्षांचा घड उचलला, की हे लगेच म्हणणार, "एक झाली बरं का!" दुसऱ्याचे घास मोजू नयेत, एवढंही या माणसाला कळू नये? मला भारी राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात माझं पोटाचं ऑपरेशन झालं आणि अन्नावरची वासनाच उडाली. तात्या रोज संध्याकाळी कळस गावच्या आपल्या बागेतलं डाळिंब आणायचे, दाणे सोलून वाटीत भरायचे आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसायचे. एकदा मीच विचारलं, "तात्या, किती भाकरी झाल्या?"

"आता मोजायचं न्हाय. खावा तुमी."

पुढं एकदा ते आले तेव्हा मी जेवत होतो. एक पेरू संपवून मी दुसरा उचलला, तसा त्यांनी माझ्या ताटात हात घातला आणि अर्धी भाकरी काढून टोपलीत ठेवली.

"दोन चतकोर झाले."

मी बरा झालो, हे मला डॉक्टरांच्या आधी तात्यांनी कळवलं.