बसून करायचं काम

आमच्या बोईसरच्या शाळेत कार्यानुभव शिकवणाऱ्या बाई कुणाचंही बोलणं ऐकून झालं की "नि मग?" म्हणायच्या. पुढे काय शिकायचं, हे विचारायला मुलं त्यांच्याकडेच जायची. त्याच शाळेत मीही मास्तर, घराण्यातला पहिला बी.ए., आणि मुलं विचारणार त्यांना!

एकदा दहावीची मुलं दिवसभर काम करून बघायला कापडाच्या कारखान्यात निघाली, बरोबर बाई आणि मी. किनाऱ्यावरच्या दांडी गावची एक मुलगी पोलिओमुळे कुबडी घेऊन चालायची. तिला शाळेतच राहू द्यावं, असं मी सुचवलं होतं. कारखान्याचे साहेबही फाटकातच म्हणाले, "बाई, इथे सगळं काम उभ्याने असतं."

"नि मग? बसून करायचं एकपण नाय?"

"आहे, कापड तपासायचं. पण तिथे सुपरवायझर बसतो."

"नि मग?"

साहेबांना हसू आलं. मुलगी दिवसभर सुपरवायझरशेजारी खुर्चीत बसून कापडातले दोष दाखवत होती. सुटल्यावर म्हणाली, "बाई, मी हेच करणार."

दुसऱ्या दिवशी तिचा बाप बाईंसाठी पापलेटं घेऊन शाळेत आला. मी बी.ए. झालो तेव्हा मला कुणी बोंबिलही दिला नव्हता. जाताना मला नमस्कार करून त्याने विचारलं, "सर, तुमी पण कारखान्यात गेलेलात काय?"